दोर तपासायला

आमच्या मालकाचं नाव मी घेत न्हाय. मामंजी दिसभर त्या नावानं बोंब मारत्यात, तितनं तुमाला कळंलच. मला सोजरबाई म्हनत्यात. म्हायेर वैरागचं, सासर हितं सोलापुरात, शुक्रवार पेठंत. आन् माजा निम्मा संसार एका धोंड्यापायी वाया गेला. खऱ्याखुऱ्या धोंड्यापायी बरं का, नुसतं बोलायचं म्हनून बोलत न्हाय.

आमच्या बोळाच्या तोंडाला मारुतीचं देऊळ हाय. मारुती लहान, देऊळ त्याहून लहान, पर पायरीच्या उजव्या अंगाला ह्यो एवढा थोरला गोटा. मोट्या घागरीएवढा, गोल, शेंदरानं लालभडक. नागपंचमीला सकाळी बोळातलं गडी लंगोट लावून येत्यात आन् त्यो उचलाया बगत्यात. जो कोन छातीवर घिऊन खांद्यावरनं मागं टाकील, त्येनं मारुतीम्होरं नारळ फोडायचा. दुसरा कोन उचलंपतूर नारळाचा मान त्येच्याच घरात ऱ्हायाचा, अशी हितली रीत.

मामंजींनी, म्हंजी माज्या सासऱ्यानं, धोंडीराम त्येंचं नाव, भर जवानीत ह्यो गोटा उचलला. खोटं न्हाय, बगितलेली म्हातारी मानसं अजून जित्ती हाईत. तवापास्नं मान आमच्याकडं. दर पंचमीच्या आदल्या दिशी मामंजी आंगुळ करून, धुतलेलं धोतर नेसून, तेलात कालवलेला शेंदूर आपल्या हातानं गोट्याला चोपडायचं. दुसऱ्या कुनाला बोट लावू द्यायचं न्हाईत. मग सनाच्या सकाळी सगळं गडी झटायचं, गोटा काय हलायचा न्हाय, आन् मामंजी मिशीवर हात फिरवत नारळ फोडायचं. "आमच्या पिढीचं दूधच येगळं. आताची पोरं च्या पिऊन वाढल्याली," असं वर म्हनायचं.

आता आमचं मालक. अंगानं शेवग्याची शेंग. गिरनीत मागावर दिसभर हुबं ऱ्हात्यात, तरी पाय दुखतंय म्हनून कदी बोलनार न्हाईत. लांब पाय, लांब हात. चालाय लागलं तर टांग्याच्या बरूबर सात रस्त्याच्या चौकापतूर जातील. झाडावर चढायचं म्हनलं तर खारीनं लाजावं. पर वजन उचलायचं म्हनलं की झालं! नळावरनं भरल्याली घागर मलाच आनावी लागती. देवानं एकेकाला एकेक दिल्यालं असतंय. पर ते मामंजीस्नी कोन सांगावं?

पाडवा झाला की घरात सुरू व्हायचं. "कुंडलिक, बैठका मार! कुंडलिक, जोर काड! पाट ताट ठिव!" कोंबडं आरवायच्या आदी मालक उटायचं आन् माज्या उशाशी धप्प धप्प बैठका मारायचं. भिताडाची माती माज्या अंगावर पडायची. म्हशीचं दूध मालकाला, तूप मालकाला, सांजच्याला भाकरीवर खरवड पडली तर तीबी मालकाला. माजी न्हाय म्हनायची छाती नव्हती, कारन मामंजी समोर बसल्यालं असायचं. आन् एवढं करून पंचमीला काय? गोटा वीतभर उचलायचा, हातातनं निसटायचा आन् खाली. झालं. सगळा बोळ हसायचा. मामंजी थुंकायचं आन् आत जायाचं.

मग मालकाचं सुरू. भितीकडं तोंड करून निजायचं. एक दिस, दोन दिस अन्नाला शिवायचं न्हाईत. पंचमीचा सन, चुलीवर तवा ठिवायचा न्हाय, चिरायचं न्हाय, म्हनून मी पुरनाची दिंडं उकडून ठिवल्याली. ती तशीच टोपलीत वाळायची. "कुनासाटी उकडली मी ही दिंडं? धोंड्यासाटी?" असं मी वरडायची. भितीलाबी कान असत्यात म्हनं, पर मालकाला नसायचं.

एकदा मी सरळ इचारलं. मालक जेवाय बसलं व्हतं, मी वाडत व्हती.

"तुमाला त्यो गोटा आवडतुया का वो?"

त्येनी माज्याकडं असं बगितलं की मी काय तर वंगाळ बोलली. "आवडायचा काय त्यात? गोटा उचलायचा असतुया."

"कशापायी?"

"आबांनी उचलला व्हता."

"आबांनी उचलला न्हवं? मग झालं की! एका घरात किती जनांनी उचलायचा एकच धोंडा?"

"चटनी वाड," म्हनलं मालक. पालथ्या घड्यावर पानी.

म्होरल्या पंचमीला तर कहरच झाला. मालकानं गोटा गुडघ्यापतूर आनला. बोळ गप झाला. मामंजी वट्यावरनं उटून हुबं ऱ्हायलं. आन् तेवढ्यात पाटीत कट्दिशी आवाज आला, मला दारापतूर ऐकू आला, आन् मालक गोट्यावर पालथं पडलं. घोंगडीत घालून घरी आनलं. हाडवैद महादेवप्पा आला, त्येनं तेल लावून, रगडून, काय काय करून पाट बसवली. दसरा गेला, दिवाळी गेली, तवा कुटं मालक काठी सोडून चालाय लागलं. महादेवप्पा जाताना मला दारात थांबवून म्हनला, "बाई, ही पाट आता गाडगं हाय. एकदा सांदलंय. पुन्यांदा वजन उचललं तर हांतरुन धरंल. मग मला बोलवू नगा."

आता बगा. पाट गेली तर मागावर हुबं ऱ्हानं गेलं. मागावरचं काम गेलं तर चूल गेली. मुकादम देवमानूस म्हनून येवढं सांबाळून घेतलं त्येनं, पर दुसऱ्या खेपंला कोन घेतंय? मला वाटलं आता तरी ह्या घरातला गोटा सुटला. कुटलं काय! सुंभ जळला तरी पीळ काय जळत न्हाय.

विलायतंच्या बादशाला गादीवर बसून पंचवीस सालं झाली, त्या जुबलीचं साल व्हतं. शाळंतल्या पोरास्नी पेढं वाटलं व्हतं त्या साली. उन्हाळ्यात मामंजींचा हात थरथराय लागला. हनमान जयंतीला नारळ फोडाय गेलं तर नारळ न फुटता पायरीवरनं गडगडत गेला. बोळात कोन हसलं न्हाय, पर मामंजींनी ते मनाला लावून घेतलं. श्रावण लागायच्या आदी एका सांजंला वट्यावर बसून त्येनी सांगून टाकलं, "ह्या पंचमीला कुंडलिकनं गोटा उचलला तर नारळ त्यो फोडील. न्हाय उचलला तर शिवप्पाच्या घराला मान दिऊन टाकतो. मी काय आता फोडत न्हाय."

शिवप्पा आमच्या शेजारचा. बाजारात हमाली करतुया, मान बैलाची, पोरगं सोभावानं गरीब. त्येनं मान मागितला नव्हता. पर मामंजींच्या तोंडातनं शब्द गेला, आन् आमचं मालक, ज्येंची पाट महादेवप्पानं सांदली, ते मान खाली घालून म्हनलं, "उचलतो आबा."

माज्या हातात भाकरीचं पीठ व्हतं. ते तसंच परातीत आपटलं मी.

"पाट गेली तर?"

"गेली तर गेली."

"गेली तर गेली? आन् मग भाकरी कोन थापायची ह्या घरात?"

"भाकरी तूच थापतीस की."

आता ह्या मानसाला काय म्हनावं सांगा! मी पदर तोंडाला लावून रडली, मग रडन्याचाबी राग आला, आन् राहिल्याली भाकरी करपली. ती मामंजींच्या ताटात वाडली.

तर असं चाललं व्हतं, आन् मधीच त्यो झोका आला.

देवळाच्या पाटीमागं थोरला लिंब हाय. पंचमीला त्येला झोका बांदत्यात. ह्यो मान मल्लव्वाचा, शिवप्पाच्या आयचा. अक्कलकोटाकडली ती, कानडी बोलती, झोक्याला जोकाली म्हनती. दोर तिचा, फळी तिची. समोरच्या फांदीच्या टोकाला ती हळदीचं फडकं बांदती, त्यात खोबऱ्याची वाटी. दोगींनी फळीवर समोरासमोर हुबं ऱ्हायाचं, झोका चढवत न्यायाचा आन् ते फडकं वडायचं. फडकं लई वर. कैक सालं कुनी वडलं न्हाय. दर पंचमीला वाटी कावळ्यानं खाल्ली.

त्या साली जुनी फांदी मोडल्याली. दोर आनखी वरच्या फांदीला बांदायला पायजे व्हता. शिवप्पा चढला तर फांदीच खाली यायची. मल्लव्वा आमच्या दारात आली. "सोजरव्वा, तुज्या मालकाला धाड की. हलका गडी हाय." मालक गिरनीतनं आलंच व्हतं. गेलं. मीबी गेली, कारन पाट सांदल्याला मानूस झाडावर चढतुया म्हनल्यावर बाईमानसानं घरात बसून काय करायचं?

सरसर चढलं. दोर बांदला. खाली उतरलं. आता रीत अशी हाय की ज्येनं दोर बांदला त्येनंच पैल्यांदा झोका घ्यायचा. दोर तुटला तर बांदनाऱ्याच्या अंगावर तुटावा, लेकीबाळीच्या न्हाय. मालक फळीवर हुबं ऱ्हायलं. गुडघं वाकवलं, सरळ केलं. वाकवलं, सरळ केलं. झोका हलाय लागला. मग चढला. मग लिंबाची पानं गळाय लागली. आन् मी खालनं तोंडाकडं बगितलं तर मालक हसत व्हतं.

माजं लगीन झाल्यापास्नं त्या तोंडावर असं हसू मी बगितलं नव्हतं. माज्यासंगं बोलताना न्हाय, पोरगी झाली तवा न्हाय, बोनस मिळाला तवा न्हाय. आन् बगायला मिळालं कुटं, तर मल्लव्वाच्या झोक्यावर! मला बरं वाटायला पायजे व्हतं. मला राग आला. लई राग आला.

"झाला न्हवं तपासून? उतरा आता," मी म्हनली.

"थांब की. गाठ बगतुया."

गाठ बगता बगता दिवं लागनीची येळ झाली.

दुसऱ्या दिशी गिरनीचा भोंगा झाला, मालक आलं, च्या घेतला आन् पायात वहाना.

"कुटं चाललासा?"

"दोर तपासायला."

"कालच तपासला की."

"रातचं दव पडतंय. दोर आकसतुया."

तिसऱ्या दिशी म्हनं ऊन पडलं, दोर सैल पडतुया. चौथ्या दिशी पावसाची भुरभुर, दोर भिजला. त्या दोराला जेवढं दुखनं झालं तेवढं आमच्या म्हशीला आयुष्यात झालं नसंल. आन् ह्ये रोज त्येच्या उशाशी.

बोळातल्या गड्यांना तर आयतंच मिळालं. "अवो कुंडलिकराव, बांगड्या भराय कवा चाललासा? म्हेंदी कुनाकडनं काडनार?" मालक हसून सोडायचं. ज्या मानसानं गोट्यावरनं एक जन हसला तर दोन दिस भाकर सोडली, त्यो मानूस सगळा बोळ हसतुया तरी फळीवर हुबा! मला काय उमगना. लाजबी मलाच वाटायची. नळावर बाया मला बगून पदरात हसायच्या.

मामंजी तर उकळत व्हतं. "मारुतीच्या म्होरं जोर काडायचं सोडून मारुतीच्या पाटीमागं झोकं घेतुया! कुंडलिक! बायकात बायकू झालास व्हय रं?"

"दोर तपासतुया आबा."

"पंचमी आली तोंडावर! गोटा कोन उचलनार?"

"उचलतो की. कुटं न्हाय म्हनलं?"

ह्ये बगा, ह्येच माजं दुखनं. गोटा सोडला असं तोंडानं म्हनत न्हाईत, आन् झोका धरला असंबी म्हनत न्हाईत. सकाळी बैठका चालूच. माज्या अंगावर माती पडतीयाच. मी म्हनली, "एक काय तर सांगा मला. मी जिवाला घोर तरी एकच लावून घेते."

"घोर कशाला लावतीस? पाट बरी हाय माजी. झोक्यानं मोकळी हुती. बग." असं म्हनून खाली वाकून आंगठं धरलं त्येनी. खरंच धरलं. दिवाळीत ज्या मानसाला लोटा उचलाय वाकता येत नव्हतं, त्येनं आंगठं धरलं. मी चुलीकडं तोंड केलं.

पंचमीच्या आदल्या दिशी भावाचा उपास. मी लाह्या भाजत व्हती, मालक माज्या मागं यिऊन बसलं. हळूच म्हनलं, "फडकं दोन हात ऱ्हातंय. एकट्यानं काय जमत न्हाय. समोरनं रेटा देनारं पायजे."

"मग शोदा की. बोळात बाया लई हाईत."

"तू वैरागात लई वर जायाचीस म्हनं. तुजा भाऊ सांगत व्हता."

जायाची, व्हय. मी फळीवर चढली की बाकीच्या पोरी भिऊन उतरायच्या. पर लगीन झाल्यावर सासूबाईंनी पैल्याच पंचमीला सांगितलं, आमच्या घरातल्या सुना हुब्यानं झोका घेत न्हाईत. सासूबाई गेल्या त्येलाबी जमाना झाला, पर त्येंचा शब्द घरातच ऱ्हायला. आन् नवरा-बायकूनं एका फळीवर? सगळ्या पेठंम्होरं? "तुमी लाज सोडलीय, मी न्हाय सोडली," मी म्हनली, आन् लाह्या करपल्या. त्या साली माजं सगळंच करपत व्हतं.

त्याच सांजंला मामंजींनी गोट्याला शेंदूर लावला. थरथरत्या हातानं, पर लावला. जाड लावला. "आता बगू," असं मारुतीला म्हनलं.

पंचमीची सकाळ. मालकानं आंगुळ केली, लंगोट लावला, वरनं धोतर. मामंजींच्या पाया पडलं. मी दारात आडवी झाली. खोटं कशाला सांगू, दोन्ही हात चौकटीला लावून आडवी झाली. "जाऊ नगा वो. पाया पडते. शिवप्पाला घिऊ द्या त्यो मान. नारळ फोडून पोट भरतंय का आपलं?"

मालकानं माजा हात हळूच बाजूला केला. गेलं. मामंजी काठी टेकत मागनं गेलं.

मी वारुळाला जायाचं ताट केलं. दूध सांडलं. पुन्यांदा घेतलं. कान सगळा देवळाकडं. आधी गलका झाला. मग गप झालं, एकदम गप. आन् मग असा दन्नदिशी आवाज आला, आन् मानसं वरडली.

मी ताट तितंच टाकलं. पायात काय न्हाय, डोक्यावर पदर न्हाय, तशी पळाली. मला वाटलं पडलं. पालथं पडलं माजं मानूस. मानसं बाजूला सारत आत घुसली तर खाली मालक नव्हतंच. शिवप्पा हुबा व्हता, दोन्ही हात लाल, तोंड उतरल्यालं. त्येच्या हातातनं गोटा निसटून पायरीच्या कोपऱ्यावर आपाटला व्हता. आन् गोटा फुटला व्हता.

फुटला म्हंजी गोटा न्हाय फुटला. शेंदराची खोळ फुटली. तीन बोटं जाड खोळ, सालावर साल, सालावर साल, नारळाच्या करवंटीवानी दोन तुकडं झालं व्हतं. आन् मधी आतला गोटा. काळाभोर, कळशीएवढा. आन् त्येच्या दोन्ही अंगाला टाकीनं पाडल्याल्या खाचा, चारी बोटं नीट बसतील अशा.

सगळी मानसं ते बगत हुबी. मामंजी खाली बसलं. खाचंत बोटं घातली. "खाचा," म्हनलं. "व्हय. खाचा व्हत्या की. मी हितंच धरून उचलला व्हता." आन् माज्याकडं बगितलं. "माज्या ध्यानातच न्हाय ऱ्हायलं, सोजरे."

माज्या अंगाचा तिळपापड झाला. सासरा हाय, म्हातारा हाय, चारचौगं हाईत, मला काय सुदरलं न्हाय. "शेंदूर कोन लावत व्हतं वो मामंजी? तुमच्याच हातानं की! दर साली चोपडायचा आन् दर साली पोराला म्हनायचं उचल! धरायला जागा तरी ठिवली का तुमी? माज्या नवऱ्याची पाट मोडली, तुमच्या शेंदरापायी मोडली! ती तुपाची भांडी, त्या बैठका, ती टोपलीत वाळल्याली दिंडं, त्यो भितीकडं तोंड करून निजल्याला मानूस, ह्ये कोन दिनार मला माघारी? मारुती दिनार?"

मामंजींचा हात तसाच खाचंत. मग लई बारीक आवाजात, "कुंडलिक कुटं हाय? बोलव त्येला. आता उचलंल त्यो. आता सहज उचलंल."

कुटं असनार! देवळापतूर आलं व्हतं म्हनं, मारुतीच्या पाया पडलं, गोट्याकडं बगितलं, आन् "जरा दोर तपासून येतो" म्हनून पाटीमागं गेलं ते गेलंच.

मी देवळाला वळसा घालून गेली. झोका वर चालला व्हता. लंगोटावर धोतर खोचल्यालं, केस उडत व्हतं. मी खाली हुबी ऱ्हायली, आन् खरं सांगते, सांगावं का नगं ह्येच कळंना. सांगितलं तर उतरनार. कळशीएवढा गोटा, खाचा हाईत, उचलतीलबी. आयुष्यभर ज्येच्यासाटी झुरलं ते मिळंल, म्हातारा सुकानं मरंल, बोळ वाहवा करील. आन् सांदल्यालं गाडगं फुटलं तर? आन् न्हाय फुटलं, तर म्होरल्या पाडव्यापास्नं पुन्यांदा बैठका, पुन्यांदा पंचमी? पर न सांगून कसं चालंल? ज्येचा धोंडा त्येला कळाय नगं का?

"अवोऽऽ!" मी वरडली. "गोटा लहान हाय! सगळा शेंदूरच व्हता! आतनं कळशीएवढाच हाय! मामंजी बोलवत्यात, उचलाय चला!"

झोका खाली आला, माज्या तोंडावरनं वारा गेला, पुन्यांदा वर गेला. वरनं मालकाचा आवाज आला, "कळशीएवढा?"

"व्हय! धरायला खाचाबी हाईत!"

मालक हसलं. पोट धरून हसावं तसं, पर दोर धरल्याला, म्हनून नुसतं हसलं. "आयला! आन् मी म्हनायचो, माज्यातच काय तर कमी हाय!"

"उतरताय का न्हाय?"

झोका दोनदा आला, दोनदा गेला. तवर तिकडं म्होरं गलका झाला, "जय बजरंग" म्हनली मानसं, आन् नारळ फुटल्याचा फट्दिशी आवाज आला. शिवप्पानं उचलला असनार, त्येला काय जड! मान गेला आमच्या घरातनं. मी मालकाच्या तोंडाकडं बगत व्हती.

"फोडला वाटतं," म्हनलं मालक. आन् पाय टेकून झोका थांबवला. मला वाटलं उतरलं. पर फळीच्या एका कडंला सरकलं आन् समोरची जागा मोकळी केली. "ये."

"मानसं येत्याल आता हिकडं."

"यिऊ दे की."

"सासूबाई म्हनल्या व्हत्या..."

"आय गेली तिच्या वाटंनं. ये."

मल्लव्वा मागं हुबी व्हती. तिनं माज्या पाटीवर एक थाप दिली. "बारव्वा, बा! चढ की! किती वाट बगायला लावतीस मानसाला?"

मी चढली. कासोटा घट्ट केला आन् चढली. मालकानं गुडघं वाकवलं, मी सरळ झाली. मी वाकवलं, ते सरळ झालं. पायाला सगळं ठावं व्हतं, मलाच ठावं नव्हतं. पेठंतली घरं खाली गेली, मारुतीचा कळस खाली गेला. मला रडू येत व्हतं आन् मी मालकाला शिव्या घालत व्हती, "एवढी सालं, एवढी सालं मेल्या धोंड्यापायी," आन् मालक हसत व्हतं आन् बैठक मारत व्हतं. एवढ्या सालाची ती बैठक, त्या पायाला काय कमी रेटा! फडकं जवळ आलं. आनखी जवळ आलं. मालकानं एक हात सोडला.

बोटभर ऱ्हायलं.

झोका माघारी आला. मी डोळं मिटलं. म्हनलं, आता उतरनार, भितीकडं तोंड करून निजनार, सनाची दिंडं पुन्यांदा टोपलीत. पर मालक मोट्यानं वरडलं, "सोजरे, बगितलंस का? बोटभर! फकस्त बोटभर!" आन् लगीच गुडघं वाकवलं. "पुन्यांदा!"

आन् तेवढ्यात खालनं ओळखीचा आवाज आला. मामंजी. काठी टेकत देवळाला वळसा घालून आलं व्हतं, हाताला शेंदूर तसाच. लिंबाच्या बुडात हुबं ऱ्हाऊन वर बगत व्हतं.

"कुंडलिक! गुडघ्यात वाक! आरं कमरंत न्हाय, गुडघ्यात! सोजरे, तू उशिरा उटतीयास! बरूबर उटा, बरूबर!"

कपाळ माजं! हितंबी आला म्हातारा शिकवाय. मी वरनं वरडली, "मामंजी, गप बसा!" पर गुडघ्यात वाकली.